कापसाच्या वाटेवरचं जंगल: नागपूर–जबलपूर रस्त्याची पार्श्वभूमी

नागपुरातल्या झिरो माईल या दगडी खांबाच्या षटकोनी बैठकीवर आठ गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. त्यांतले दोन आकडे पेंचच्या जंगलात किंवा जबलपूरजवळच्या भेडाघाटला गाडी काढणाऱ्या नागपूरकरानं लक्षात ठेवावेत: सिवनी ७९, जबलपूर १७०. किलोमीटरमध्ये १२७ आणि २७४. आज गाडीच्या मीटरवर नेमका हाच आकडा येत नाही. वळणं सरळ झाली, गावांना बायपास झाले. पण रस्त्याची दिशा मात्र तीच राहिली.

झिरो माईलबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. देशातली सगळी अंतरं इथूनच मोजत, असं अभिमानानं सांगितलं जातं. दगडावर तेवढं काही लिहिलेलं नाही. १९०७ सालचा हा खांब सर्वेक्षण खात्याचा उंचीचा प्रमाणबिंदू आहे, म्हणजे आसपासची उंची याच्यावरून मोजायची, आणि त्यावर कोरलेली समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, ही उंची त्याचं खरं काम सांगते. रस्त्याच्या दृष्टीनंही हा आकडा कामाचा आहे. सिवनी साधारण ६०० मीटरवर आहे. म्हणजे सव्वाशे किलोमीटरात जेमतेम तीनशे मीटर चढ, आणि त्यातलाही मोठा भाग खवासाच्या पुढे कुरईच्या घाटात. सातपुडा ओलांडायला एवढी सोपी जागा सापडली की बैल काय, बस काय, सगळे तिथूनच जातात.

आज आपण याला जंगलाचा रस्ता म्हणतो. मुळात तो कापसाचा रस्ता. रेल्वे येण्याआधी नागपूर-वऱ्हाडचा बराच कापूस मुंबईला नाही, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाहतूक बंजाऱ्यांची. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, शेकडो बैलांचा तांडा, आणि चाल दिवसाला आठ-दहा मैल. या हिशेबानं नुसतं जबलपूर गाठायलाच सतरा ते एकवीस दिवस लागत, मिर्झापूर त्याच्याही बरंच पुढे. कापूस दाबून न बांधता सैल भरलेला असे. त्यामुळे वाटेत धूळ बसे, अवकाळी पाऊस आला की भिजे, आणि पेठेत भाव पडे. पावसाळ्याचे चार महिने वाट बंदच. तांड्याच्या लेखी जंगल ही बघायची गोष्ट नव्हती. तिथं वाघ होते, ठग होते, आणि पडावाला चारा-पाणी मिळेल की नाही हा रोजचा घोर होता. ठगांविरुद्धची मोहीम ज्यानं जबलपुरातून चालवली, तो इंग्रज अधिकारी स्लीमन १८३५ मध्ये ठगांच्या बंदोबस्ताच्या खात्याचा प्रमुख झाला. त्यानंतरच प्रवासी थोडे निर्धास्त झाले.

नद्या हा दुसरा घोर. पूल नसताना काय होत असे, त्याचं नागपुरातलं ठळक उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचं. मिशनरी आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक असलेले हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या नाल्याला पूर आला होता, त्यातच ते बुडाले. टाकळघाट जबलपूर रोडवर नाही, वर्धा रोडकडे आहे, पण अनुभव सगळ्या वाटांवर सारखाच होता. कोरडा दिसणारा नाला वर कुठे तरी पाऊस झाला की तासाभरात घोडं बुडेल इतका चढतो. आजही पावसाळ्यात पेंचच्या आतल्या गावरस्त्यांवर लोक पाण्याखाली गेलेल्या रपट्यावर, म्हणजे नाल्यातल्या बसक्या पुलावर, गाडी घालतात, तेव्हा चूक तीच होते.

मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात पक्क्या रस्त्यांना जोर आला. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिथला कापूस अडकला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता. पक्का रस्ता म्हणजे तेव्हा डांबर नव्हे. खाली मोठे दगड हातानं रचायचे, वर फोडलेली खडी, त्यावर मुरूम, मग पाणी मारून रोलर. कन्हानच्या पलीकडे, मनसर-देवलापारकडे मुरूम जागेवर मिळतो आणि जमीन घट्ट आहे. उलट दक्षिणेला हिंगणघाटकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वरची खडी गिळून टाकते. उत्तरेच्या रस्त्याचं बूड मुळातच बरं होतं.

गंमत अशी की रस्ता सुधारत असतानाच त्याचं मूळ गिऱ्हाईक निघून गेलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापसानं पश्चिमेकडे तोंड फिरवलं, आणि १८७७ पासून एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर काही कापूस गावातच राहिला. सिवनीच्या घाटातून पुढे मुख्यतः टपाल, कामठी छावणीची ये-जा आणि आसपासचं धान्य-लाकूड चालत राहिलं. मनसरला विसाव्या शतकाच्या तोंडावर मँगनीजच्या खाणी निघाल्या, तेवढी नवी भर पडली. मला वाटतं, या रस्त्याकाठचं जंगल टिकलं त्यात या ओसरलेल्या रहदारीचाही वाटा असावा.

मग मोटारी आल्या आणि खडीच्या रस्त्यांची नवी दुखणी सुरू झाली. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव खडी दळून तिचा भुगा करी, चाकोऱ्या पाडी. तिच्यामागून येणारा मोटारीचा वेगवान रबरी टायर तो भुगा उडवून नेई. मग खडीला धरून ठेवणारं काही उरत नसे, दगड सुटे होत आणि खड्डा पडे. दोन्ही वाहनं एकाच रस्त्यावर आली की रस्ता दुप्पट वेगानं मरतो. देशभर हीच स्थिती झाली, तेव्हा १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि तो पैसा रस्त्यांसाठी बाजूला पडू लागला. म्हणजे रस्त्याचा खर्च गाडीवाल्याच्या पेट्रोलमधून काढायची ही रीत शंभरीला टेकली आहे.

यापुढचा मोठा निर्णय तर नागपुरातच झाला, आणि गावातच त्याची आठवण कमी निघते. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद इथे भरली. तिच्या वीस वर्षांच्या आराखड्याला सगळी अभियांत्रिकीची पुस्तकं ‘नागपूर प्लॅन’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्रामरस्ता ही उतरंड तिथली. शंभर चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे लक्ष्य तिथलं. शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हा दंडकही तिथलाच. सूत्रात एक मजेशीर कलम होतं: त्या भागातल्या रेल्वेची लांबी वरच्या दर्जाच्या रस्त्यांच्या लांबीतून वजा करायची. जणू रेल्वे आहे तिथं रस्त्याचं काम अर्धं झालंच! पुढच्या, म्हणजे १९६१ च्या, आराखड्यात हे कलम काढून टाकलं.

जबलपूर रोड पुढे वाराणसी–कन्याकुमारी या सात नंबरच्या महामार्गाचा भाग झाला. चौपदरीकरणाची वेळ आली, तोवर भोवतालचं सगळं बदललं होतं. महाराष्ट्रातल्या पेंचला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला होता. जुन्या दुपदरी रस्त्याला खड्डे पडत राहिले, रुंदीकरण वर्षानुवर्षं कोर्टात अडकलं, आणि नागपूर–सिवनी प्रवास म्हणजे कंबरेची परीक्षा झाली. शेवटी तोडगा निघाला तो रस्ता पुलांवर उचलून घेण्याचा. महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी खालून नऊ मार्ग सोडले, कमीत कमी ५० मीटर रुंद, सर्वांत मोठा ७५० मीटर. २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत अकरा वाघ एकूण ८९ वेळा या पुलांखालून जाताना टिपले गेले. पुढे मध्य प्रदेशात आवाज आणि हेडलाईटचा झोत अडवणाऱ्या भिंतीही उभारल्या आहेत.

गाडी चालवताना हे ओळखायची खूण सोपी आहे: पूल आहे आणि खाली नदी नाही. अशा पुलावर फोटोसाठी थांबू नये. वर गाडीच्या दारांचा, बोलण्याचा आवाज खाली पोचतो आणि निघालेलं जनावर मागे फिरतं. दिसायचं तर काहीच नसतं, कारण कठडा आणि अंतर दोन्ही आड येतात. पहाटे निघणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत कुरई घाटात धुकं धरून चालावं. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पेंचच्या गाभा क्षेत्राची सफारी बंद असते. तेव्हा नुसता रस्ता पाहायचा.

सिवनीच्या अलीकडे मुंडारा गाव लागतं, तिथे वैनगंगेचा उगम. पावसाळ्यात भंडाऱ्याला घरांत शिरणारी नदी ती हीच, यावर तिथली कुंडं पाहून विश्वास बसत नाही. पुढे छपाऱ्याला तीच ओलांडावी लागते, आणि तिथं ती चांगली रुंद झालेली असते.

लखनादोनला सावध राहावं. महामार्गांचे नंबर बदलले आणि जुना सात नंबर गेला, तेव्हापासून ४४ नंबरचा महामार्ग इथून नरसिंहपूरकडे जातो. ‘४४ धरून सरळ’ असं सांगितलेले बरेच जण तसेच पुढे जातात आणि पन्नासेक किलोमीटरनंतर फोन लावतात. जबलपूरचा जुना रस्ता आता ३४ नंबरचा आहे: धूमा, बरगी, आणि मग नर्मदा.