गांधी गेट आणि नगारखाना: महालातले दोन दरवाजे, दोन राज्यं

मागच्या दिवाळीत पुण्याहून मामेभाऊ आला होता, त्याला दिवसभर नागपूरच्या महाल भागात फिरवलं आणि संध्याकाळी त्यानं गांधी गेटचा फोटो स्टेटसला टाकून खाली लिहिलं, 'भोसल्यांचा वाडा, नागपूर'. म्हटलं अरे बापा, हे भोसल्यांचं नाहीच! पण त्याला काय बोलणार, इथं जन्मलेले लोकही महालात जुना दगड दिसला की 'भोसलेकालीन' म्हणून मोकळे होतात.

तर गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, आणि तो गोंडांचा. देवगडचा (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ मध्ये इथल्या बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं, त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानीच इकडे आणली आणि गावाभोवती तट बांधला, हा दरवाजा त्या तटातला. म्हणजे ही शहराची वेस आहे, कोणाच्या घराचं दार नाही. जुम्मा तलावही चांद सुलतानाच्याच काळातला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, त्यामुळं त्या तलावाला लोक शुक्रवारी तलाव म्हणतात, आणि पुढे दरवाजाचं झालं गांधी गेट, तलावाचं झालं गांधीसागर. तलाव एक नि नावं तीन, आता बाहेरच्या माणसानं गोंधळायचं नाही तर काय करायचं?

आता मजा बघा. तट गेला आणि दरवाजा तेवढा राहिला. शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून पाहिलं तर भर ट्रॅफिकमध्ये कमान एकटीच उभी दिसते, कोणाला अडवायला बांधली होती तेच कळत नाही, आजूबाजूनं ऑटो, हातगाड्या, स्कुटीवर तिघं तिघं, सगळं चालूनच राहिलंय. भिंतीची जाडी बघा फक्त. शत्रू बाहेर ठेवायचा म्हणून बांधलेली गोष्ट अशीच असते, तिथं नक्षीचे लाड नसतात.

भोसल्यांच्या नगारखान्याचं काम एकदम वेगळं. त्याला कोणाला अडवायचं नसतं, त्याला मिरवायचं असतं! खाली राजवाड्यात शिरायचं प्रवेशद्वार आणि वर नगारे-सनई वाजवणाऱ्यांची जागा, ठरल्या वेळी चौघडा झडला की आख्ख्या गावाला कळायचं आत राजा नांदतोय.

भोसले इथं आले तेच मुळी गोंडांच्या घरातल्या वारसाच्या भांडणात. चांद सुलतान गेल्यावर रघुजी भोसले मध्ये पडले आणि १७४३ मध्ये राज्याची सूत्रंच हातात घेतली. गोंड राजा बुरहान शाहचं राजेपद नावाला ठेवलं आणि त्याला पेन्शन बांधून दिली. (म्हणूनच गोंड राजाचा किल्लाही महालातच आहे, पण तिकडे कोणी फिरकत नाही, हे मला खरंच खटकतं.) पुढे भोसल्यांनी काळ्या बसाल्टचा मोठा राजवाडा बांधला, त्यावर भरपूर लाकडी कोरीवकाम. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल डलहौसी यानं राज्य खालसा केलं, आणि १८६४ मध्ये तो राजवाडा जळाला. उरलं ते दार, म्हणजे हाच नगारखाना.

त्यामुळं एकाचा तट गेला, दुसऱ्याचा राजवाडा गेला, आणि दोघांचे दरवाजेच तेवढे एकाच महालात उरले. मग लोक दोघांनाही एकाच खात्यात टाकतात.

ओळखायला सोपं सांगतो. दारापुढं उभं राहून विचारायचं, हे दार कोणाचं होतं, गावाचं का घराचं? गावाचं असलं तर गोंड, घराचं असलं तर भोसले. इतिहासवाले म्हणतील एवढं सरसकट नसतं, बरोबर आहे त्यांचं, पण या दोन दरवाजांपुरतं चालून जातं.

जायचं असेल तर रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत जा, गाडी बडकस चौकाच्या अलीकडेच कुठंतरी लावा आणि पायी फिरा. भावानं रात्रीच कॅप्शन बदललं, 'गोंड राजांची वेस' लिहिलं. लगेच मामीचा फोन, "काहून रे, गोंड राजे कोण? तू तर नागपूरले गेला होता ना?"