स्वतंत्र घड्याळकारांची अकादमी (ए.एच.सी.आय.)

कोणत्याही कंपनीच्या पगारावर नसलेल्या, स्वतःच्या कल्पनेने आणि स्वतःच्या हाताने यांत्रिक घड्याळे घडवणाऱ्या कारागिरांची, स्वित्झर्लंडमध्ये उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय संघटना. मूळ फ्रेंच नाव ‘आकादेमी ऑर्लोजेर दे क्रेआतर आंदेपांदां’. मनगटी घड्याळे करणारे आणि टेबलावरची वा भिंतीवरची मोठी घड्याळे करणारे, दोघेही तिचे सदस्य होऊ शकतात. मराठीत ‘घड्याळजी’ म्हणजे डोळ्याला भिंग लावून बंद पडलेले घड्याळ उघडणारा दुरुस्तीवाला. या मंडळींना तो शब्द तोकडा पडतो खरा, पण अगदीच चुकीचा नाही. तिच्या नावाजलेल्या सदस्यांपैकी जॉर्ज डॅनियल्स, फिलिप द्यूफूर, फ्रांस्वा-पॉल जूर्न हे तिघेही जुनी घड्याळे दुरुस्त करता करताच तयार झाले.

स्थापना १९८५ची. जिनिव्हात काम करणारे डॅनिश कारागीर स्वेंड आंडरसन आणि मूळचे इटलीचे विन्सेंट कालाब्रेसे हे संस्थापक. आंडरसन यांनी १९६९ मध्ये बाटलीच्या आत घड्याळ बसवून दाखवले होते. सगळे भाग अरुंद तोंडातून आत सोडायचे आणि तिथेच जुळवायचे. कालाब्रेसे यांनी एकाच सरळ रेषेत चक्रे मांडलेली यंत्रणा शोधली, ती पुढे कोरम कंपनीच्या ‘गोल्डन ब्रिज’ या घड्याळात आली.

हा काळ घड्याळजींना वाईट होता. १९६९च्या अखेरीस जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झवर (बॅटरीच्या विजेने कंप पावणाऱ्या स्फटिकावर) चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि स्वस्त, अचूक घड्याळांपुढे स्विस धंदा कोसळला. १९७० मध्ये या उद्योगात सुमारे ९०,००० लोक होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश उरले. त्यात स्वतंत्र कारागिराची अडचण आणखी वेगळी होती: अवघड काम तो करी आणि तबकडीवर नाव मोठ्या कंपनीचे येई. अकादमीने त्याला स्वतःचे नाव लावायला जागा दिली. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या घड्याळमेळ्यात एकट्याला न परवडणारे दालन सगळ्यांनी मिळून घेतले. तिथे घड्याळ दाखवायला विक्रेता नसे. ज्याने ते बनवले तोच टेबलामागे बसे.

सदस्यत्व अर्ज भरून लगेच मिळत नाही. आधी उमेदवार म्हणून राहावे लागते, काम मांडावे लागते, मग आधीचे सदस्य निर्णय घेतात.

या कामाचा दर्जा म्हणजे नेमके काय, ते द्यूफूर यांच्या ‘सिम्प्लिसिटी’ (२०००) या घड्याळात दिसते. चावीचे घड्याळ, तास, मिनिट आणि लहान सेकंदकाटा एवढेच. पण पाठ उलटी करून पाहिले तर यंत्रणेतील प्रत्येक पट्टीची कड तिरकी घासून आरशासारखी केलेली. दोन कडा आत वळून जिथे मिळतात तिथला कोपरा टोकदार असतो. यंत्राचे हत्यार फिरते, म्हणून ते हा कोपरा गोलच करून ठेवते. टोक फक्त हातानेच निघते. शेवटची झिलई जेन्शियन या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या काडीने दिली जाते. अशी घड्याळे सुमारे दोनशेच झाली. त्यांतील एक २०२० मध्ये जिनिव्हातील लिलावात १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले.

सगळ्यांचा वकूब आणि ओढ अर्थात एकसारखी नाही. डॅनियल्स यांची को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंट ही नवी रचना (एस्केपमेंट म्हणजे स्प्रिंगची ताकद टिकटिक करत थोडी थोडी सोडणारा भाग) १९९९ पासून ओमेगाने कारखान्यात वापरली. रशियाचे कॉन्स्टँटिन चायकिन यांनी ‘जोकर’मध्ये तबकडीला विदूषकाचा चेहरा दिला: एक डोळा तास दाखवतो, दुसरा मिनिटे आणि जीभ चंद्रकला. झुरिकचे मिकी एलेटा तर कोणाकडे शिकलेही नाहीत, हलत्या शिल्पांतून मोठ्या घड्याळांकडे वळले. आपल्याला जवळचे वाटावे असे काम जपानच्या मासाहिरो किकुनो यांचे आहे. जुन्या जपानी पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे सहा भाग करत, त्यामुळे उन्हाळ्यातला तास हिवाळ्यातल्या तासापेक्षा मोठा. आपले प्रहरही असेच ऋतूप्रमाणे लांबत-आखडत. किकुनो यांनी मनगटी घड्याळात तासांच्या खुणाच ऋतूबरोबर आपोआप सरकतील अशी योजना केली.

काही सदस्यांचे नाव एवढे झाले की त्यांच्याच कंपन्या उभ्या राहिल्या. फ्रँक म्युलर आणि जूर्न ही ठळक उदाहरणे. बाझेलचा मेळा २०१९ नंतर भरला नाही, तेव्हापासून अकादमीचे सदस्य जिनिव्हात, तिथल्या मोठ्या मेळ्याच्याच दिवसांत, आपले वेगळे प्रदर्शन मांडतात.