सुटलेल्या झेलामागचा इतिहास : नवखा वाइड रिसीव्हर का चाचपडतो?

११ सप्टेंबर २०२२. मिनियापोलिसमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध ग्रीन बे पॅकर्सच्या आक्रमणाची हंगामातली पहिलीच खेळी. ख्रिश्चन वॉटसन हा नवखा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेक झेलणारा खेळाडू, पॅट्रिक पीटरसनसारख्या मुरलेल्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) मागे टाकून सुसाट निघाला. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने लांबवर फेक केली, चेंडू अगदी हातात आला आणि निसटला. पुढे अडवायला कोणी नव्हतं. झेलला असता तर ७५ यार्डांचा टचडाउन (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडणं) झाला असता. पॅकर्स तो सामना २३-७ असे हरले, आणि पुढचे कित्येक आठवडे या मुलाची ओळख त्या एका चेंडूपुरती उरली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये नवख्या रिसीव्हरवर इतक्या लवकर शिक्का का बसतो आणि तो शिक्का इतक्या वेळा खोटा का ठरतो, हे समजायचं तर वॉटसन ग्रीन बेमध्ये कसा आला तिथपासून सुरुवात करावी लागेल.

मार्च २०२२ मध्ये पॅकर्सनी डवांटे ॲडम्सला लास व्हेगस रेडर्सकडे पाठवलं. आदल्याच हंगामात त्याने १२३ झेल आणि त्यांतून १,५५३ यार्डांची आगेकूच अशी कामगिरी केली होती. बदल्यात पॅकर्सना त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिल्या फेरीतला २२ वा आणि दुसऱ्या फेरीतला ५३ वा क्रमांक मिळाला. यातला ५३ वा आणि स्वतःचा ५९ वा क्रमांक मिनेसोटाला देऊन त्यांनी ३४ वा क्रमांक घेतला आणि त्यावर वॉटसनला निवडलं. म्हणजे ज्याच्या जाण्याने पोकळी झाली, त्याच्याच मोबदल्यातून हा मुलगा आला होता. तुलना अटळ होती. ती मात्र २०२१ मधल्या ॲडम्सशी झाली. खरी तुलना करायची तर २०१४ मधला ॲडम्स आठवायला हवा होता, कारण तोही ५३ व्या क्रमांकावरच निवडला गेला होता आणि त्याची सुरुवातही अडखळतच झाली होती.

ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या ईस्ट पालो आल्टोचा. शाळेत तो बास्केटबॉलही खेळायचा. फ्रेझ्नो स्टेट या कॉलेज संघाकडून २०१३ च्या हंगामात त्याने १३१ झेल आणि २४ टचडाउन केले, तरी ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी आठ रिसीव्हर निवडले गेले. पहिल्या वर्षी त्याच्या नावावर ३८ झेल, ४४६ यार्ड आणि तीन टचडाउन लागले. मधूनच चमक दिसायची. न्यू इंग्लंडविरुद्ध त्याने १२१ यार्ड काढले, डॅलसविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात ११७. त्यामुळे दुसऱ्या वर्षाकडून अपेक्षा वाढल्या. त्यातच ऑगस्ट २०१५ मध्ये संघाचा मुख्य रिसीव्हर जॉर्डी नेल्सन गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला. आता ॲडम्स पुढे येणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

झालं उलटं. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा घोटा दुखावला. परत आला तेव्हा वेग कमी झाला होता, चेंडू सुटत होते, आणि ज्या कॉर्नरबॅकचं लक्ष एरवी नेल्सनवर असायचं ते आता त्याच्यासमोर उभे होते. ५० झेल, ४८३ यार्ड, फक्त एक टचडाउन. त्याला संघातून काढा, असं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. २०१६ मध्ये नेल्सन परतला, घोटा बरा झाला आणि ॲडम्सने ७५ झेल, ९९७ यार्ड, १२ टचडाउन अशी मजल मारली. डिसेंबर २०१७ मध्ये पॅकर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा, ५८ दशलक्ष डॉलरचा करार केला. २०२० मध्ये त्याने १८ टचडाउन झेलले.

या दोन-तीन वर्षांत नेमकं काय बदललं? हात तेच होते, उंचीही तीच. बदल झाला तो खेळी सुरू होतानाच्या पहिल्या दोन पावलांत. एनएफएल या व्यावसायिक लीगमधला कॉर्नरबॅक अनेकदा रिसीव्हरच्या नाकासमोर उभा राहतो आणि चेंडू खेळात येताच त्याला हातांनी ढकलून, रोखून धरतो. तिथून सुटका करून घेणं हीच रिसीव्हरची पहिली परीक्षा. ॲडम्सने ही सुटका बास्केटबॉलमधल्या हुलकावणीसारख्या पदलालित्याने करायला सुरुवात केली, इतकी की पुढे तरुण रिसीव्हर त्याच्या चित्रफिती लावून अभ्यास करू लागले. माझ्या मते गेल्या दशकात या जागेवर त्याच्याइतका कारागीर खेळाडू दुसरा झाला नाही. पण ही कारागिरी कॉलेजमधून येताना सोबत आली नव्हती.

ती सहसा कोणाचीच येत नाही, आणि याचं कारण कॉलेजच्या खेळाच्या रचनेत आहे. तिथे मैदानावरच्या ज्या आतल्या खुणांच्या दरम्यान खेळी सुरू होते, त्यांच्यामधलं अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजमध्ये त्यामुळे एका बाजूला प्रचंड मोकळी जागा मिळते. तिथे झेल घेताना एक पाय सीमेच्या आत पडला तरी चालतं, इथे दोन्ही लागतात. कॉलेजच्या चेंडूवर दोन्ही टोकांकडे पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात. जमार चेस २०२१ च्या सराव सामन्यांत चेंडू सोडत होता, तेव्हा त्याने या पट्ट्यांचाही उल्लेख केला होता. लोकांनी ती सबब मानली. त्याच हंगामात त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले.

याहून मोठा फरक डोक्याच्या कामाचा. रिसीव्हरने धावायच्या वाटेला रूट म्हणतात, आणि या मूळ वाटा शून्य ते नऊ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. कॉलेजमधले अनेक संघ भराभर खेळतात, बाजूच्या रेषेवरून खुणा करून खेळी कळवतात आणि एकेका रिसीव्हरला तीन-चार वाटांवरच वापरतात. एनएफएलमध्ये सगळ्या वाटा यायला हव्यात, आणि त्याही धावता धावता बदलता यायला हव्यात. समोरचा बचाव जागा राखतोय की माणूस, हे चेंडू खेळात आल्यावर सेकंदाभरात ओळखून त्याप्रमाणे वळायचं असतं, आणि क्वार्टरबॅकने तोच बचाव त्याच पद्धतीने वाचला असेल या विश्वासावर. क्रिकेटमधल्या क्षेत्ररक्षकाला चेंडू बॅटवरून निघताना दिसतो. इथे रिसीव्हर मान वळवतो तेव्हा चेंडू निम्म्या वाटेवर आलेला असतो. अर्ध पाऊल चुकलं तर फेक प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाते, आणि प्रेक्षकांना वाटतं क्वार्टरबॅक चुकला. नवख्याचा हात चुकतो, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा डोकं अजून आकडेमोड करत असतं आणि हात त्याची वाट पाहत असतात.

वाट आखून धावण्याची ही कला ग्रीन बेमध्येच रुजली, हा योगायोग मला फार आवडतो. १९३५ मध्ये अलाबामाहून आलेल्या डॉन हटसनने पॅकर्ससाठी पहिला झेल घेतला तो शिकागो बेअर्सविरुद्ध ८३ यार्डांच्या टचडाउनचा. फेक करणं हा तेव्हा नाइलाजाचा मार्ग समजला जाई. हटसनने ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षणी पोहोचण्याला शास्त्राचं रूप दिलं. १९४२ मध्ये त्याने १७ टचडाउन केले. त्याचा कारकिर्दीतल्या ९९ टचडाउन झेलांचा विक्रम १९८९ पर्यंत टिकला.

त्यानंतरचा मोठा वळणबिंदू बॉब हेस. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक घेऊन तो डॅलस काउबॉइजकडे आला आणि १९६५ च्या आपल्या पहिल्याच हंगामात त्याने १,००३ यार्ड आणि १२ टचडाउन काढले. त्याच्याबरोबर धावू शकेल असा बचावपटूच नसल्याने संघांना माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा राखणारा बचाव अधिक वापरावा लागला. हेसच्या वेगाने असा नवख्यांसाठी दरवाजा उघडला खरा, पण त्याला उत्तर म्हणून आलेल्या बचावाने पुढच्या पिढ्यांचा अभ्यास वाढवला. सत्तरच्या दशकात तर कॉर्नरबॅक रिसीव्हरला मैदानभर धक्के देत नेत. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट यात इतका पटाईत होता की १९७८ मध्ये आलेला नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. सुरुवातीच्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवायचं नाही, हा तो नियम. आजचा फेकीवर चालणारा खेळ त्यातून उभा राहिला.

नियम बदलूनही पहिलं वर्ष सोपं झालं नाही, याचा सर्वात मोठा पुरावा खुद्द जेरी राइस आहे. मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान कॉलेजमधून आलेल्या राइससाठी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी १९८५ मध्ये आपला क्रमांक २८ वरून १६ वर आणला. त्याआधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर निवडले गेले होते, आणि वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू हा असोसिएटेड प्रेसचा मान त्यातल्या ब्राउनला मिळाला. राइसच्या हातून चेंडू सुटत राहिले आणि कँडलस्टिक पार्कवर घरच्या प्रेक्षकांनीच त्याची हुर्यो उडवली. प्रशिक्षक बिल वॉल्श यांची प्लेबुक, म्हणजे खेळींची वही, जाडजूड होती. ती पाठ करत करत धावणाऱ्या मुलाला मोकळेपणाने खेळता येत नव्हतं. वॉल्श यांनी त्याला बसवलं नाही. ९ डिसेंबरला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने १० झेल घेऊन २४१ यार्ड काढले. त्या वर्षी ९२७ यार्ड, पुढच्या वर्षी १,५७०. कारकीर्द संपली तेव्हा आकडा होता २२,८९५, आणि त्याच्या जवळपासही अजून कोणी गेलेलं नाही.

मग आजचे प्रेक्षक इतके अधीर का? जुन्या चाहत्यांमध्ये एक ठोकताळा होता, की रिसीव्हर तिसऱ्या वर्षी फुलतो. रेजी वेन पहिल्या वर्षी २७ झेलांवर अडकला होता, चौथ्या वर्षी त्याने १,२१० यार्ड केले. रॉडी व्हाइट दोन वर्षं चाचपडला आणि तिसऱ्या वर्षी १,२०२ यार्डांवर पोहोचला. हा ठोकताळा २०१४ च्या तुकडीने मोडला. ओडेल बेकहॅम ज्युनियरने पहिल्याच वर्षी फक्त १२ सामन्यांत १,३०५ यार्ड काढले. माइक इव्हान्स आणि केल्व्हिन बेंजामिन यांनीही हजार ओलांडले. ॲडम्स याच तुकडीतला होता, हे त्याचं दुर्दैव. पुढे २०२० मध्ये जस्टिन जेफरसनने १,४०० यार्ड केले. २०२३ मध्ये तर पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर निवडलेल्या पुका नाकुआने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड काढून १९६० पासूनचा नवख्यांचा विक्रम मोडला.

पैशाचाही यात भाग आहे. २०११ च्या कामगार करारानंतर निवडलेल्या खेळाडूंचा पगार क्रमांकानुसार ठरतो आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. स्वस्त वर्षं मोजकी असल्याने प्रत्येक हंगाम वाया गेल्यासारखा वाटतो. त्याच कराराने सरावही कमी केला. दिवसातून दोनदा होणारे अंगावर धावून जाणारे सराव बंद झाले, हंगामातले पॅड घालून होणारे सराव १४ वर आले. शरीरांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण ढकलणाऱ्या कॉर्नरबॅकपासून सुटका करून घेणं पॅड घातल्याशिवाय शिकता येत नाही, आणि आज शिकण्याची मुदत व शिकण्याचे तास दोन्ही एकदमच आखडले आहेत.

वॉटसनचं उदाहरण इथे नीट बसतं. नॉर्थ डकोटा स्टेटचा संघ मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा, त्यामुळे संपूर्ण कॉलेज कारकिर्दीत त्याच्या नावावर १०५ झेल होते. ॲडम्सने एका वर्षात त्याहून जास्त घेतले होते. त्यात गुडघ्यावरच्या लहानशा शस्त्रक्रियेमुळे २०२२ च्या सराव शिबिराचा मोठा भाग हुकला. अशा मुलाने पहिल्याच खेळीत पीटरसनला मागे टाकलं, ही त्या दिवसाची खरी बातमी होती. झेल सुटणं दुरुस्त होतं. बचावपटूपासून मोकळं होताच न येणं सहसा दुरुस्त होत नाही. १३ नोव्हेंबरला डॅलसविरुद्ध त्याने तीन टचडाउन झेलले आणि चार सामन्यांत एकूण आठ केले. नंतर दुखापतींनी त्याला वारंवार गाठलं, पण तो वेगळा विषय.

प्रत्येक जण सावरतोच असं नाही, आणि संयमाची बाजू घेताना हे लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. रँडी मॉसला सोडून मिळालेल्या क्रमांकावर मिनेसोटाने २००५ मध्ये ट्रॉय विल्यमसनला सातवा निवडलं. वेग होता, हात कधीच स्थिर झाले नाहीत. त्याच संघाने २०१६ मध्ये २३ व्या क्रमांकावर निवडलेल्या लाक्वॉन ट्रेडवेलने पहिल्या वर्षभरात एकच झेल घेतला. हात उत्तम होते, पण बचावपटू त्याला सोडत नसत. माझ्या मते नवख्याचे आकडे बघण्याआधी त्याच्या आणि कॉर्नरबॅकच्या मधलं अंतर बघावं, आणि त्याच्यापुढे संघात कोण उभं आहे तेही.

सिएटलमध्ये २०२३ साली नेमकं हेच बघायला हवं होतं. २० व्या क्रमांकावर आलेला जॅक्सन स्मिथ-इंजिग्बा ऑगस्टमध्ये मनगट मोडून बसला, शस्त्रक्रियेनंतर लगेच खेळला, आणि डीके मेटकाफ व टायलर लॉकेट यांच्यामागे तिसरा म्हणून ६३ झेल, ६२८ यार्डांवर थांबला. पहिल्या फेरीच्या मानाने हे कमीच, असा सूर लागला होता. २०२४ मध्ये त्याने १०० झेल घेऊन लॉकेटच्या फ्रँचायझी विक्रमाशी बरोबरी केली आणि १,१३० यार्ड काढले. मार्च २०२५ मध्ये सिएटलने मेटकाफला पिट्सबर्गकडे पाठवलं, लॉकेटलाही मोकळं केलं, आणि पहिल्या क्रमांकाची जागा तेव्हा २३ वर्षांच्या असलेल्या या मुलाकडे सोपवली.