गुडघ्याचा नंबर

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात परवा एका जाहिरातीवरून विषय निघाला. फलकावर लिहिलं होतं, 'खास भारतीयांसाठी बनवलेला गुडघा'. एक काका म्हणाले, "म्हंजे आजवर बसवले ते गोऱ्यांचे व्हय?" सगळे हसले, पण प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला आपण 'वाटी बदलली' म्हणतो, पण वाटी सहसा जागेवरच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचा माथा काही मिलिमीटर कापतात. एकावर धातूची टोपी, दुसऱ्यावर धातूची बैठक आणि मधे पॉलिथिलीनचा तुकडा बसतो. ('वंगण संपलंय' म्हणत तेलाची बाटली खपवणारे झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, कशी उगवणार, हे कधी सांगत नाहीत.)

टोपीचा नंबर मुख्यतः हाडाच्या पुढून मागच्या मापावर ठरतो, रुंदी त्याच्यामागून येते. पापाच्या तिकटीला चप्पल घेताना हेच होतं. नंबर लांबीचा, पण पंजा रुंद असला की पट्टा रुततो. चप्पल तेल पाजून, चार दिवस वापरून सैल होते. टोपीचा धातू, कोबाल्ट-क्रोम, होत नाही.

सुरुवातीच्या टोप्या अमेरिका-युरोपातल्या मापांवर बेतलेल्या होत्या. आशियाई हाडं सरासरीने लहान, पण मोठ्या टोपीची लहान फोटोकॉपी काढून भागत नाही. लहान हाड त्याच्या पुढून मागच्या मापाच्या तुलनेत जास्त रुंद असतं. शिवाय पुढून मागे माप सारखंच असलं तरी बाईचं हाड पुरुषापेक्षा अरुंद भरतं. धातू ३ मिलिमीटर जरी बाहेर डोकावला, तरी तिथले स्नायुबंध घासून गुडघा दुखत राहू शकतो.

मला खरी मजा वाटते ती मागच्या बाजूची. मांडीच्या हाडाला मागे दोन गोल उंचवटे असतात. गुडघा वाकताना ते नडगीवर लोळतात. ते जितके मागे निघालेले, तितकं मांडीचं हाड नडगीच्या मागच्या कडेला उशिरा टेकतं आणि पाय जास्त दुमडतो. टोपी रुंदीला बाहेर येते म्हणून सर्जनने एक नंबर लहान घेतला, तर हा उंचवटा कमी होऊ शकतो. बेल्जियमचे सर्जन बेलेमन्स यांच्या गटाने २००२ साली एका प्रकारच्या सांध्यात मोजलं, तेव्हा उंचवटा २ मिलिमीटरने घटला की वाकणं सरासरी १२ अंशांनी कमी भरलं. उलट नंबर मोठा घेतला तर वाकवताना सांधा घट्ट होतो. खुर्चीवर बसणाऱ्याचं ९०-१०० अंशांत भागतं. पंगतीत मांडी घालायची, उकिडवं बसायचं, तर १३० च्या पुढे जावं लागतं.

म्हणून फलक खरा का? अर्धाच. २००६ च्या सुमारास अमेरिकेत खास बायकांचा गुडघा वाजतगाजत आला. पुढे तुलना करून पाहिली, तर वेदनेत आणि चालण्यात ठळक फरक दिसला नाही. 'भारतीय' ही शेवटी सरासरी. एकाच तालमीच्या हौद्यातल्या दोन पैलवानांची हाडंही एका मापाची नसतात. आता बऱ्याच कंपन्या एकाच नंबरात अरुंद आणि रुंद अशा दोन्ही टोप्या देतात. ऑपरेशन चालू असताना सर्जन आधी चाचणीची टोपी चढवून पाय दुमडून बघतात, मग खऱ्या टोपीचं पाकीट उघडतात.