आरएनए प्रतिलेखन व प्रक्रिया

पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि काटछाट होऊन कामाला लागते, त्या सगळ्या क्रमाला हे नाव आहे. प्रत काढणाऱ्या विकराला आरएनए पॉलिमरेज म्हणतात. माणसापासून माडापर्यंत सर्व दृश्यकेंद्रकी सजीवांत त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला बहुतांश रायबोसोमी आरएनए (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा भाग) घडवतो, तिसरा वाहक आरएनए (प्रथिनासाठी अमिनो आम्ले आणून देणारा). प्रथिनांचे संदेश, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे ते सांगणारे आरएनए, दुसऱ्याच्या वाट्याला येतात.

हा दुसरा अडला तर काय होते, ते विषारी अळंब्यांवरून कळते. अमानिता वंशातील काही जातींमधले अल्फा-अमानिटिन नेमके याच विकराला चिकटते आणि शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर बहुधा सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब, मध्येच फसवा उतार, आणि पुढे नवे संदेश न मिळालेले यकृत निकामी होऊ लागते. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, रस्त्याकडेला पानांत मांडून विकली जाणारी अळमी वेगळी; ती टर्मिटोमायसिस वंशातली, चांगली खाण्याजोगी. अनोळखी छत्रीला मात्र हात न लावलेलाच बरा.

नवा संदेश कच्चा असतो. तो पुरता निघण्याआधीच पुढच्या टोकाला टोपी बसते, मागे सुमारे २०० अडेनिनांची (आरएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे घटकांपैकी, एक) शेपटी जोडली जाते. मधल्या काटछाटीची मात्र कुणाला कल्पना नव्हती. १९७७मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना अडिनोव्हायरसच्या संदेशात तुकडे गाळून सांधलेले आढळले. १९९३चे नोबेल त्यासाठीच. गाळायचे तुकडे इन्ट्रॉन, राखायचे एक्झॉन. डिस्ट्रॉफिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकात २० लाखांहून जास्त अक्षरे आहेत, तर पक्क्या संदेशात जेमतेम १४ हजार. एक प्रत काढायलाच सुमारे १६ तास जातात.

ही कात्री चुकली की काय होते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे बीटा थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार. बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाच्या जनुकातील पहिल्या इन्ट्रॉनमधले पाचवे अक्षर जी असते. तिथे सी आले की सांधा भलत्याच जागी पडू लागतो. गंमत म्हणजे प्रथिनाचा मजकूर डीएनएत शाबूतच असतो, तरी नीट हिमोग्लोबिन फारच थोडे बनते. भारतात या आजाराचे सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन हेच. लग्नाआधीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिनचा ए-२ हा प्रकार वाढलेला दिसला की आजाराचा वाहक बहुधा ओळखता येतो. नेमके कोणते अक्षर बदलले, ते जनुकीय चाचणीच सांगते.