जामीन झाला, मुलाला भेटायला जाऊ का?
(कोर्टाच्या कागदांचे भाषांतर आणि टायपिंग: आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या टेबलावर हा प्रश्न वरचेवर येतो. सोबत मोबाइलमध्ये आदेशाच्या पहिल्या पानाचा फोटो. उत्तर असतं शेवटच्या पानावर, आणि ते राहिलेलं असतं घरी.

नवरा-बायकोच्या केसमध्ये जामिनाच्या दोन अटी आडव्या येतात. फिर्यादी आणि साक्षीदारांशी संपर्क करू नये, ही एक. मूल फिर्यादीकडेच असेल, तर "फक्त बाळाशी बोलायला" तिच्या मोबाइलवर केलेला फोनसुद्धा अंगाशी येऊ शकतो. दुसरी, परवानगीशिवाय जिल्हा सोडू नये. आपल्या बेळगावात हीच जास्त फसवते. हिंडलगा, तुरमुरी, बाची करत शिनोळी गाठलीत की जिल्हाच काय, राज्य बदललं, महाराष्ट्र लागला. चंदगडला आपण बाजाराला जावं तसे जातो, पण कोर्टाच्या हिशेबी ते परराज्य.

मागच्या दिवाळीत एक गृहस्थ झेरॉक्सला आले. पिशवीत पोराच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे, दुपारची चंदगड गाडी धरायची घाई. चौथं पान वाचून दाखवलं तसे मटकन बाकावर बसले. ती दिवाळी मावळे आमच्याच कपाटावर राहिले.

अट पडली म्हणून मुलावरचा हक्क जात नाही. ताबा आणि भेट ठरते कुटुंब न्यायालयात, १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली. पण तिथे भेट मंजूर झाली तरी जामिनाची अट आपोआप सैल होत नाही. परवानगीचा अर्ज जामीन देणाऱ्या कोर्टातच करायचा. मॅजिस्ट्रेटची अट सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ बदलू शकतं (नागरिक सुरक्षा संहिता २०२३, कलम ४८३). त्यापेक्षा जामिनाच्या सुनावणीआधीच मूल कुठे राहतं, शाळा कुठली, हे वकिलांच्या कानावर घाला. नंतरच्या खेपा वाचतात.

नुसत्या फोटोवरून आम्ही भाषांतर करत नाही, म्हणून काहीजण रागावतात. रागवा. कन्नड आदेशातला एक 'पूर्वानुमती' शब्द कापलेल्या फोटोत गेला, तर जामीन रद्द व्हायची वेळ तुमच्यावर येते. सल्ला मात्र वकिलांचाच घ्या, आमचं काम कागदाचं.

अटींचं पान आम्ही आधी हातावेगळं करतो, बाकी आदेश मागाहून. मुलाचा चंदगड-गडहिंग्लजकडचा मराठी शाळेचा दाखला अर्जाला जोडायचा असेल, तर त्याचं कन्नड किंवा इंग्रजीही करून मिळेल.

येताना सगळी पानं आणा. झेरॉक्स इथेच होते.