तलावाच्या पाण्याचा ताळेबंद: बेळगाव सीमाभागातील मुळे

पाणलोटात पडलेल्या पावसापैकी किती पाणी तलावात उतरेल, किती जमिनीत मुरेल आणि किती उन्हावाऱ्याने उडून जाईल, याचा दिवसागणिक हिशेब आज संगणकीय प्रतिमाने मांडतात. ही विद्या सर्वस्वी परदेशातून आली असा समज रूढ असला, तरी तिचा एक महत्त्वाचा धागा आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच सापडतो.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना, 1892 मध्ये, डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्याने याच सीमाभागातील पावसाच्या आणि वाहत्या पाण्याच्या नोंदी अभ्यासून कोष्टके तयार केली. पाणलोटांचे त्याने चांगले, मध्यम आणि वाईट असे वर्ग पाडले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, रोजच्या पावसाचा हिशेब करताना जमीन आधी कोरडी होती, ओलसर होती की ओली, हेही त्याने जमेस धरले. मृगाचा पहिला पाऊस भेगाळलेले काळे रान पिऊन टाकते आणि तेवढाच पाऊस श्रावणात झाला तर ओढे भरून वाहतात, हे चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. स्ट्रेंजने ते आकड्यांत बसवले. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने काढलेल्या, पावसापैकी किती पाणी वाहून जाईल हे ठरवणाऱ्या ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीतही आधीच्या ओलीच्या तीनच पायऱ्या आहेत, आणि आज सर्वत्र वापरात असलेले ‘स्वॅट’ हे संगणकीय प्रतिमान मुख्यत्वे याच पद्धतीने अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून येणारे पाणी, काढते.

1929 मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातील 53 ठिकाणच्या मोजमापांवरून घाटासाठी एक आणि पठारासाठी वेगळे, अशी दोन सूत्रे दिली. त्यांनुसार घाटात 300 सेंमी पाऊस झाल्यास सुमारे 225 सेंमी पाणी वाहून येते, तर पठारावर 60 सेंमी पावसातून जेमतेम 10 सेंमी. घाटमाथ्यावरचे कणकुंबी आणि पठारावरची अथणी ज्या जिल्ह्यात एकत्र नांदतात, तिथे सगळीकडे एकच गुणोत्तर लावणे किती धोक्याचे आहे, ते या दोन आकड्यांवरून कळते.

बाष्पीभवनाची बाजू 1948 मध्ये सावरली. त्या एकाच वर्षी अमेरिकेत थॉर्नथ्वेट आणि ब्रिटनमध्ये पेनमन यांनी हवामानाच्या नोंदींवरून ते मोजण्याच्या रीती मांडल्या. हे सारे तुकडे संगणकावर एकत्र जोडण्याचे काम क्रॉफर्ड आणि लिन्स्ले यांच्या स्टॅनफर्ड प्रतिमानाने 1966 पर्यंत पूर्णत्वास नेले. भारतात 1978 मध्ये रूरकी येथे राष्ट्रीय जलविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि कठीण खडकाच्या प्रदेशाचा अभ्यास करणारे तिचे प्रादेशिक केंद्र 1987 मध्ये बेळगावातच सुरू झाले.

तरीही आयते प्रतिमान इथे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे ठामपणे सांगितले पाहिजे. खानापूरच्या भातशेतीत बांध घालून पाणी रोपलावणीपासून अडवून धरलेले असते. ते उतारावरच्या साध्या शेतासारखे गृहीत धरले, तर जुलैची आवक कागदावर फुगते. बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचा पाणलोट तर महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यालाही भिडलेला आहे, त्यामुळे तिथला ताळेबंद मांडताना दोन्ही राज्यांतील पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी एकाच तक्त्यात घ्याव्या लागतात.